बॉडीगार्डची मारामारी बसवताना

फोंड्यात मी ज्युडो शिकवते. जत्रेच्या नाटकांत मारामारी असली की ती बसवायला मलाच बोलावतात. यंदा आमच्या वाड्यावरच्या मुलांनी मोबाइलवर छोटा चित्रपट करायला घेतला: एक बॉडीगार्ड आणि तो जिला सांभाळतो ती वकीलबाई. पहिल्या तालमीला मुलं बॉडीगार्डच्या सात लाथा बसवून आली होती, आणि बाई आपली कोपऱ्यात उभी! तिथेच चुकतं.

आधी बाई बसवा. ती कुठे उभी आहे, कुठल्या दाराने निसटणार, वाटेत काय आडवं येतं. बॉडीगार्डला जिंकायचं नसतं, तिला दारापर्यंत न्यायचं असतं. म्हणून त्याचा एक हात सतत तिच्यापाशी गुंतलेला. उरलेला हात आणि पाय, एवढ्यातूनच मारामारी काढायची. मागे हटताना त्याने पाठीनेच तिला रेटत न्यावं. ओढायचं तर दंड धरायचा, मनगट कधीच नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचं मनगट असंच मुरगळलं आणि पंधरा दिवस हात गळ्यात होता. ते मला अजून सलतं.

मारेकरी गोळी का झाडत नाही, याचं कारण प्रसंगातच हवं. जेट लीच्या १९९४ सालच्या ‘द बॉडीगार्ड फ्रॉम बीजिंग’मध्ये शेवटी घरात गॅस पसरतो, गोळी झाडली तर भडकाच. आम्ही जुन्या घराचा बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, निवडला. शेजारी भजन चाललेलं, आवाज झाला तर माणसं धावून येतील. समोरासमोर बसायचे कट्टे, मध्ये जेमतेम दोघांपुरती जागा. तिथे फिरती लाथ बसत नाही. कोपर, गुडघा, खांद्याचा धक्का, बस्स. सात लाथा गेल्या, पण प्रसंगाला जीव आला.

कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवा. मूठ गालापासून वीतभर लांबून जाऊ दे, मान वेळेवर फिरली की ती लागल्यासारखीच दिसते. आठवडाभर सगळं संथ करून घ्या. पडताना हनुवटी छातीला, तळहात जमिनीवर सपाट आपटायचा. चिऱ्याच्या पायरीवर कुणाला पाडू नका, पावसाळ्यात तर तिथे शेवाळच असतं.

आणि दाराची कडी बाईलाच काढू द्या. बॉडीगार्डचे दोन्ही हात तेव्हा मारेकऱ्याच्या सुऱ्यावर असतात.