मिनी ऑर्किडचा गमला कधी बदलायचा आणि कसा, इंदूरच्या हवेत

जूनच्या शेवटी दोन-तीन दमदार पाऊस झाले, खिडकीतून येणारी हवा गरम लागायची थांबली, की मी घरातली सगळी मिनी ऑर्किडं डायनिंग टेबलावर काढते, खाली पेपर पसरते आणि एकेकाचा गमला बदलायला बसते. दरवर्षी हाच टाइम. बिल्डिंगमधल्या दोन-चार जणींनी विचारलं की नेमकं काय करतेस, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

नर्सरीत किंवा गिफ्टच्या दुकानात अडीच-तीन इंची प्लॅस्टिकच्या कपात, वीतभर उंचीचं, छोटी छोटी जांभळी नाहीतर पांढरी फुलं आलेलं जे मिळतं ते बहुतेक वेळा मिनी फॅलेनॉप्सिस असतं, मी त्याच्याबद्दलच बोलतेय. यातल्या बऱ्याच हायब्रिडच्या खानदानात फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस नावाची फिलिपिन्स-तैवानकडची छोट्या फुलांची जात आहे. ती तिथे दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढते, मातीशी तिचा संबंधच नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशातही जुन्या आंब्यावर, महुआवर रास्ना दिसते ना, तीही ऑर्किडच, आणि तिची मुळं बघा, फांदीला चिकटून हवेत उघडी असतात. लोक त्याला बांडगूळ समजतात पण बांडगूळ झाडाचा रस ओढतं, ऑर्किड नुसतं बसतं, पाणी पावसाचं आणि हवेतलं घेतं.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे माझं पहिलं ऑर्किड हे न कळल्यामुळे गेलं. फेब्रुवारीत आणलं होतं, एवढुसा कप बघून मला वाटलं बिचाऱ्याला जागा पुरत नसेल, म्हणून सहा इंची गमल्यात आपली काळी माती, शेणखत, थोडी रेती घालून प्रेमाने लावलं आणि रोज पाणी घातलं. दीड महिन्यात पानं लोळली. उपटून बघितलं तर एकही मूळ टणक नव्हतं, सगळा चिखल. मला फार वाईट वाटलं होतं, कारण चूक समजली तोवर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आपली माळव्याची माती कापसाला, सोयाबीनला सोनं आहे पण ती पाणी धरून ठेवते, आणि ऑर्किडच्या मुळाला पाण्याइतकीच हवा लागते, हवा कोंडली की मूळ सडतं.

म्हणून मिनी ऑर्किडचा गमला बदलणं म्हणजे त्याला मोठं घर देणं नाही, मातीऐवजी आत भरलेला, सडायला लागलेला मॉस (वाळवलेलं शेवाळ) किंवा झाडाची साल बदलणं. गमला बरेचदा तोच राहतो, धुऊन परत वापरायचा. मोठ्या गमल्यात मधला भाग ओला राहतो, मुळं तिथे पोचलेली नसतात, पाणी कोणी पीत नाही आणि सड तिथूनच सुरू होते.

मोठ्या फॅलेनॉप्सिसला दोन वर्षं चालतात, मिनीला मी वर्ष-दीड वर्षाच्या वर जाऊ देत नाही, कारण त्याचं मिश्रण बारीक असतं आणि बारीक साल लवकर कुजते. पण महिने मोजण्यापेक्षा झाड बघा. पाणी घालून आठ दिवस झाले तरी मॉस ओलाच, बोटाने दाबला तर काळपट पाणी आणि कुबट वास, रोप हलवलं तर डुगडुगतं, वर पांढरी खारट पापडी जमलेली, बारीक काळे माशीसारखे किडे उडतायत, यातलं काहीही असेल तर वेळ झाली. आणि सगळ्यात नक्की खूण म्हणजे मॉस ओला असूनही पानं सुरकुतलेली. तहान लागल्यासारखं दिसतं म्हणून लोक आणखी पाणी घालतात, खरं म्हणजे मुळं मेलेली असतात म्हणून पाणी वर चढत नाही.

मुळं गमल्याबाहेर लोंबतायत ही मात्र खूण नाही, ती त्यांची सवयच आहे.

आता महिना. फुलं असताना हात लावू नका. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास रात्री गार व्हायला लागतात, शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणतात ती उगाच नाही, आणि रात्रीचं तापमान १८ अंशांच्या आसपास काही आठवडे राहिलं की फॅलेनॉप्सिसला फुलांची दांडी सुटते, मग फुलं दोन-तीन महिने टिकतात, म्हणजे मार्च उजाडतो. पुस्तकी सल्ला असतो की फुलं गळली की लगेच बदला. पण आपल्याकडे फुलं गळतात तेव्हा उन्हाळा दारात असतो, एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर, हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते, अशा वेळी मुळं कापलेलं रोप नव्या सालीत बसवलं तर ते पाणी घ्यायच्या आत सुकतं. म्हणून मी थांबते. उन्हाळाभर कूलरच्या खोलीत ठेवते, कूलरच्या झोतासमोर नाही, जरा कडेला, आणि पाऊस लागला की काम काढते. तेव्हा मुळांची टोकं हिरवी किंवा लालसर, चकचकीत झालेली दिसतात, म्हणजे झाड वाढायच्या मूडमध्ये आहे. जूनचा शेवट ते ऑगस्ट, फार तर सप्टेंबरचा अर्धा. डिसेंबर-जानेवारीत अजिबात नको, तेव्हा वाढ जवळपास थांबलेली असते.

मुळं सडलीच असतील तर मात्र महिना बघत बसू नका, फुलं असली तरी दांडी कापून पाण्याच्या ग्लासात ठेवा, तिथेही ती बरेच दिवस टिकतात, आणि रोप मोकळं करा.

सामान. पाइनची साल बारीक, शेंगदाण्याएवढे तुकडे, मोठे तुकडे मिनीच्या बारीक मुळांना जमत नाहीत. थोडा लाकडी कोळसा, इस्त्रीवाल्या भैयाकडे मिळतो, हातोडीने फोडून काबुली चण्याएवढा करायचा आणि धुऊन घ्यायचा. सुका स्फॅग्नम मॉस मूठभर. साल महाग पडत असेल तर नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात, पण त्यात मीठ असतं, दोन-तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं, हे टाळू नका. माझं प्रमाण साधारण तीन वाट्या साल, एक वाटी कोळसा आणि एक वाटी मॉस. तुम्ही आठ-आठ दिवस बाहेरगावी जाणारे असाल तर मॉस वाढवा, सारखं पाणी घालायचा हात असेल तर कमी करा. साल रात्रभर भिजत घालायची, मॉस अर्धा तास, मग घट्ट पिळून.

गमला पारदर्शक असेल तर उत्तम कारण मुळं दिसतात. मी श्रीखंडाचे छोटे पारदर्शक डबे जपून ठेवते, तळाला सहा-सात आणि बाजूला चार भोकं तापवलेल्या सळईने पाडते, खिडकी उघडी ठेवून, कारण धूर वाईट असतो. मातीचा कुल्हड साइजला बरोबर बसतो पण पाणी ओढून घेतो आणि मुळं त्याला अशी चिकटतात की पुढच्या वेळी तुटतात, म्हणून मी तो वापरत नाही.

कामाच्या तासभर आधी रोपाला पाणी घाला, ओली मुळं लवचिक होतात, कोरडी असतील तर कटकन मोडतात. मग कप हाताने चारी बाजूंनी दाबून रोप बाहेर घ्यायचं, पानं धरून ओढायचं नाही. भोकातून मुळं बाहेर आली असतील तर सरळ कपच कापा, पाच रुपयांच्या कपापायी मूळ घालवू नका. आता जुना मॉस चिमट्याने किंवा विणायच्या सुईने हळूहळू काढा आणि अगदी मध्यात बघा, बहुतेक दुकानातल्या रोपांच्या पोटात मॉसचा घट्ट गोळा असतो, कधी त्याला जाळीही असते, लहान असताना त्यात लावलेलं असतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि सड त्या गोळ्यात असते. तो काढायला मला एकेका रोपाला वीस मिनिटं लागतात, चिकाटीने करा, नळाच्या बारीक धारेखाली सोपं जातं. (जुना मॉस ओल्या कचऱ्यात, जाळी सुक्यात.)

मुळं कापताना सगळ्यात जास्त चुका होतात. रंगावर जाऊ नका. आत अंधारात राहिलेलं मूळ पिवळट, तपकिरी दिसू शकतं आणि तरी जिवंत असतं. दोन बोटांत हलकेच दाबा, टणक लागलं तर ठेवायचं, मऊ, पोकळ, साल निघून आत दोरा उरलेला असेल तर कापायचं. मुळावर जे पांढरं स्पंजासारखं आवरण असतं ते पाणी शोषून ठेवतं, कोरडं असताना रुपेरी, ओलं झालं की हिरवं, हा रंग पुढे पाणी घालायला पण कामाला येतो. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर धरून गार करा, आणि दुसरं रोप घेण्याआधी परत, व्हायरस कात्रीवरून जातो. कापलेल्या जागी दालचिनीची पूड किंचित लावते, फक्त जखमेवर, कारण ती ओल ओढून घेते आणि चांगल्या मुळावर पडली तर ते सुकवते.

मग डब्यात मुळं गोल फिरवत बसवायची, मुळं आणि डब्याची कड यात बोटभर जागा पुरे. सगळ्यात खालचं पान जिथून निघतं ती जागा सालीच्या बरोबर वर राहिली पाहिजे, खोल गाडलं तर बुंधा सडतो. कडेने साल सोडत डबा टेबलावर आपटत जा, आपोआप खाली बसते, मॉस दाबून भरू नका. हवेतली जी मुळं वाकायला तयार नाहीत त्यांना बाहेरच राहू द्या. शेवटी रोप हललं नाही पाहिजे, हलत राहिलं तर नव्या मुळांची टोकं घासून मरतात, मी छोटी काडी खोचून केसांच्या छोट्या क्लिपने धरते.

त्यानंतर चार-पाच दिवस पाणी नाही. जखमा वाळू द्यायच्या, मिश्रणात भिजवलेली ओल असतेच. फार तर सकाळी पानांवर बारीक फवारा, आणि पानांच्या मधल्या खाचेत पाणी राहिलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या, मिनीत ती खाच एवढीशी असते की एक थेंब रात्रभर राहिला तरी सड लागू शकते. पूर्वेची खिडकी, पडद्यामागचा उजेड. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मुळं रुपेरी झाली की सकाळी पाणी, पूर्ण निथळू द्यायचं, खाली बशीत साठू द्यायचं नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुरतं, मेमध्ये दोनदा-तीनदा.

पाणी कुठलं हा आपल्या गावात महत्त्वाचा प्रश्न आहे. नर्मदेचं नळाचं पाणी असेल तर चालतं, बोरिंगचं जड पाणी वर्षभर घातलं तर ती पांढरी पापडी त्याचीच, आणि आरओमधून फेकलं जाणारं पाणी तर मुळीच नको, सगळे क्षार त्यातच असतात. पावसाचं पाणी बादलीत धरून बाटल्यांत भरून ठेवा, त्यासारखं दुसरं नाही.

खत महिनाभर नाही. मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत), पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथाई, पंधरा दिवसांतून एकदा.

खालचं एखादं पान पिवळं पडलं तर घाबरू नका, ओढू नका, आपोआप गळतं. एकही मूळ उरलं नसेल तर पारदर्शक पिशवीत थोडा ओलसर, घट्ट पिळलेला मॉस घालून त्यावर रोप ठेवा, पिशवीचं तोंड बांधा, उजेडात पण उन्हात नाही, रोज पाच मिनिटं उघडून हवा द्या. माझी दोन रोपं अशी वाचली, एकाला मूळ फुटायला दोन महिने लागले. चांगल्या रोपाला तीन ते पाच आठवड्यांत नवीन हिरवं टोक दिसतं, बहुतेक वेळा खालच्या पानाच्या बगलेतून, ते दिसेपर्यंत गमला परत परत उकरून बघू नका.