आमदारांकडे जाण्याआधी: कोकणातल्या नव्या इस्टेट एजंटांसाठी

रत्नागिरी पट्ट्यात जागा-घरांच्या व्यवहारात नव्याने उतरलेली मुलं संघटनेच्या पहिल्याच बैठकीत विचारतात, "आमदारांना कधी भेटायचं?" भेट मिळते हो. भेटून त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं, तिथे गाडी अडते.

आधी विषय कुणाच्या हातातला आहे ते बघा. समुद्रालगतचा प्लॉट सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) अडकला असेल, तर ती 2019 ची अधिसूचना केंद्राची. आमदार फार तर पत्र देतील. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि एजंट यांचं नियमन करणारा कायदा, हाही संसदेचाच, 2016 चा. त्याखालचे नियम राज्याचे, एजंटांच्या नोंदणीचं महारेरा हे राज्यातलं प्राधिकरण बघतं. विधिमंडळाकडे न्यायचे ते तुकडेबंदी (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारा, 1947), कूळकायदा (1948) आणि जमीन महसूल संहिता (1966). आपली बहुतेक दुखणी यातच निघतात.

तुकडेबंदीचंच घ्या. 2023 मध्ये किमान क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं. इकडे सातबाऱ्यावर आजोबांपासूनची सामाईक नावं, अर्धे हिस्सेदार मुंबईत, आणि गावात राहिलेल्या भावाला घरापुरते चार गुंठे वेगळे हवेत. हे भाषण करून सांगू नका. असा एखादा खरा सातबारा, मालकाला विचारून, सोबत ठेवा. निवेदन एका पानाचं: अडचण, कलमाचा आजचा मजकूर आणि त्याजागी तुम्हाला हवं ते वाक्य. या कायद्यात अलीकडे बदल होतायत, त्यामुळे राजपत्रातली ताजी दुरुस्ती वाचल्याशिवाय कलम उद्धृत करू नये. "यात तुमचं काय?" हा प्रश्न येतोच. दलाली मिळते, असं सरळ सांगावं. आंब्याच्या बागा तोडून प्लॉट पाडणाऱ्यांची वकिली मात्र त्याच कागदात घुसवू नका. गावकऱ्यांनी त्याविरुद्ध आधीच गाऱ्हाणं घातलेलं असतं, आणि माझ्या मते ते रास्तच असतं.

अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी एरवी नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, बराच आधी द्यावा लागतो. अधिवेशन सुरू झाल्यावर पोचलात तर लक्षवेधीची (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेची) आशा धरायची. मतदारसंघातल्या कार्यालयात पीएकडून वेळ घ्या. गणपतीत आमदार घरोघर दिसतात म्हणून आरती संपताच कागद पुढे करणारे आमच्यात आहेत, तसं करू नका. निवेदनाची पोच तारखेसह घ्या आणि एक प्रत महसूल विभागातल्या संबंधित कक्ष अधिकाऱ्याकडे द्या, कारण फाईल तिथूनच हलते.

बांधकामाच्या नियमावलीतला बदल असेल, तर तो एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम 37 खाली येतो आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. ही जाहीर सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. आमच्याकडे ती वाचायचं काम एका ठरावीक माणसाला दिलेलं आहे.