होमस्कूलिंगमध्ये इतिहास कसा घ्यायचा: आमचं असं जमलं

मुलगी नऊ वर्षांची, इथे ठाण्यात घरीच शिकते. गणित, भाषा सगळं सुरळीत चाललं होतं पण इतिहासाचं घोडं अडलेलं, कारण ऑनलाइन तयार कोर्स महाग आणि बरेचसे थेट इजिप्त-रोमपासून सुरू, तिला त्यात गोडीच लागेना.

शेवटी बालभारतीचं चौथीचं परिसर अभ्यास भाग २ घेतलं, शिवाजी महाराजांवरचं. पीडीएफ फुकट मिळते आणि भाषा इतकी सोपी की ती आपली आपण वाचते. मुख्य पुस्तक तेवढं एकच, माझ्या मते या वयाला पुरेसं आहे.

जोडीला भिंतीवर लांब कागद चिकटवला, त्यावर सन लिहायचे. सुरुवात आपल्या गावापासून. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी जिंकला, १७७४ ला इंग्रजांकडे गेला आणि आता तिथेच सेंट्रल जेल आहे. हे कळल्यापासून रिक्षातून जाताना जेलची भिंत दिसली की "आई, तोफा कुठे ठेवायचे गं?" सुरू होतं, आणि मला तर हेच हवं होतं! मग १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे, तीपण कागदावर चढली.

धडा झाला की लेखी प्रश्नोत्तरं नाहीत, रात्री बाबांना गोष्ट सांगायची, अडेल तिथे परत वाचायचं. पुढे एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालय, शाळेत न जाता परीक्षा देता येते ते) परीक्षा द्यायची असेल तर त्यांचा अभ्यासक्रम वेगळा असतो, तो आधी बघून घ्या.