जीवघेण्या खेळातली भ्रमिष्ट विद्यार्थिनी: हे पात्र कसं लिहायचं

कौशुन ताकामी यांची 'बॅटल रॉयल' ही कादंबरी 1999 साली आली. तिच्यातल्या 42 विद्यार्थ्यांत स्वतःला दैवी योद्धा समजणारी एक मुलगी आहे. बेटावर सोडलेला वर्ग, गळ्यात स्फोटक पट्टा आणि शेवटी जिवंत राहणारा एकच, अशी मांडणी असलेली कथा मराठीत लिहिणारे आता बरेच दिसतात, आणि असं पात्र त्यांनाही हवं असतं. पण ते बहुतेकदा फसतं, कारण भ्रमिष्ट म्हटल्यावर तिला काहीही करायला लावलं तरी चालेल असं लेखकाला वाटतं. खरं तर अख्ख्या वर्गात सगळ्यात काटेकोर नियमांनी वागणारी तीच असायला हवी. तिचं गृहीतक चुकीचं असतं, पण त्यावरून ती काढते ते निष्कर्ष बरोबर असतात.

सुरुवातीलाच एक निवड करा: चुनिब्यो की खरा भ्रम? चुनिब्यो म्हणजे माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षातल्या, 13-14 वर्षांच्या मुलांचं 'माझ्यात गुप्त शक्ती आहे' छापाचं वागणं. रेडिओ निवेदक हिकारू इजुइन यांनी हा शब्द 1999 मध्येच रूढ केला. हा आजार नव्हे. त्याला प्रेक्षक लागतात आणि पहिली गोळी सुटली की तो आव पानभरात गळून पडतो. खरा भ्रम एकांतातही टिकतो आणि समोर पुरावा आला तर त्यालाही पोटात घेतो. दोन्ही पात्रं चांगली होऊ शकतात. मात्र पहिल्या प्रकरणात चुनिब्यो आणि पाचव्यात भ्रम असं झालं, तर वाचकाचा विश्वास उडतो.

भ्रम निवडला असेल तर गृहीतक एका वाक्यात लिहा आणि त्याची सुरुवात खेळाच्या निदान सहा महिने आधीची ठेवा. ही अट महत्त्वाची आहे. एक-दोन दिवस झोप नसेल तर धडधाकट माणसालाही नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, त्यामुळे दुसऱ्या रात्रीपर्यंत बेटावरची बरीच मुलं दचकून सावल्यांवर गोळ्या झाडत असतील. तिचं वेगळेपण जुन्या विश्वासात आहे.

मुळं जपानी शाळेतच शोधा. कोक्कुरी-सान हा तिथला जुना खेळ: कागदावर जपानी अक्षरं, 'हो', 'नाही' आणि वर तोरी म्हणजे जपानी देवळाच्या दाराची कमान काढायची, 10 येनच्या नाण्यावर सगळ्यांनी बोट टेकवायचं आणि प्रश्न विचारायचे. समजा, बाकीच्या मुली हसून घरी गेल्या, पण हिला नाण्याने दिलेलं उत्तर खरं वाटलं: 'तू दाराची राखणदार आहेस.' झालं गृहीतक.

त्यातून तीन नियम काढा, जास्त नकोत. प्रत्येक नियम खेळाच्या एखाद्या नियमावर आदळला पाहिजे, नाहीतर तो निव्वळ सजावट ठरतो. उदाहरणार्थ: (1) कमानीतून आलेला आवाज खरा, बाकीचे सगळे फसवे, (2) दारात उभ्या माणसाला तीनदा नाव विचारायचं, (3) राखणदाराने दार सोडायचं नाही.

आता हे खेळात घाला. दर सहा तासांनी लाऊडस्पीकरवर मेलेल्यांची नावं आणि नकाशावरचे बंद होणारे चौकोन जाहीर होतात; बंद चौकोनात राहिलं तर गळ्यातला पट्टा फुटतो. बेटावर देऊळ असेल आणि कर्णा कमानीजवळ असेल, तर पहिल्या नियमाप्रमाणे ती घोषणा अक्षरन् अक्षर पाळते, नकाशावर बिनचूक खुणा करते आणि तिच्याइतकं सुरक्षित वर्गात कुणीच नसतं. पुढे देवळाचाच चौकोन बंद होणार असं जाहीर होतं. पहिला नियम म्हणतो आवाज खरा, तिसरा म्हणतो दार सोडू नकोस. तिची कथा या पेचात आहे, म्हणून जास्तीत जास्त पानं इथे खर्च करा. ती वेडेपणाने नव्हे, विचारपूर्वक निर्णय घेते आणि वाचकाला तो आधीच दिसत असतो.

भ्रम असला तरी तहानभूक सुटत नाही. मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी दुहेरी हिशेबाची कल्पना मांडली: रुग्ण भ्रमाच्या जगात आणि रोजच्या जगात एकाच वेळी वावरतो. म्हणून ती पाणी पुरवून पिईल, पाव अर्धा ठेवेल, जखम नीट बांधेल. असे बारीक व्यवहार प्रत्येक प्रसंगात एखाददुसरा तरी हवेत. ते नसले की पात्र कागदी होतं.

वर्गमित्र तिला तीन वर्षं ओळखतात हे विसरू नका. जुनी मैत्रीण तिसऱ्यांदा नाव विचारेपर्यंत थांबेल, कारण तिला सवय आहे. दुसऱ्या वर्गातून नुकताच आलेला मुलगा दुसऱ्याच प्रश्नाला घाबरून चाकू काढेल. मृत्यू घडवायचा तर असा, दोन माणसांच्या गैरसमजातून. मनोविकार असलेली बहुतेक माणसं हिंसक नसतात, उलट त्यांच्यावरच अत्याचार होण्याची शक्यता जास्त असते. तिला हसत सुरा चालवणारी केलंत तर ते खोटं आहेच, शिवाय क्रूरही आहे.

भाषेत तिला 'आम्ही' म्हणायला लावायचा मोह होतो. तेवढं ठीक, पण फक्त राखणदार म्हणून बोलताना. पाणी मागताना ती 'मी'च म्हणेल. सतत ग्रंथिक बोलली की विनोदी वाटते. तिच्या मनातले प्रसंग तृतीयपुरुषात, अगदी जवळून लिहा आणि 'तिला वाटलं' हे शब्द गाळा. 'कमान बोलली' एवढंच लिहा. कर्ण्याची तार वाचकाला त्याच परिच्छेदात दाखवा.

मरताना तिला अचानक शुद्धीवर आणू नका. भ्रम असा एका क्षणात उतरत नाही, आणि त्या एका वाक्याने आधीची सगळी पानं वाया जातात.

पहिला खर्डा झाला की तिची प्रत्येक कृती अधोरेखित करून शेजारी नियमाचा आकडा किंवा 'तहान', 'भूक', 'भीती' असं कारण लिहा. ज्या कृतीसमोर काहीच लिहिता येत नाही, ती काढून टाका.