लिनक्स पॅकेज मेंटेन करताय? या चुका टाळा, विशेषतः अपग्रेडच्या

माझ्या पहिल्यावहिल्या आरपीएम पॅकेजची (आरपीएम म्हणजे फेडोरा वगैरे डिस्ट्रोंचं पॅकेज बसवण्या-काढण्याचं साधन) पोस्टअन स्क्रिप्ट, म्हणजे पॅकेज काढून झाल्यावर चालणारी, तीन ओळींची होती. सर्व्हिस बंद करायची, तिचा युजर काढायचा आणि व्हार-लिबमधली डेटाची डिरेक्टरी उडवायची. पॅकेज काढल्यावर मागे कचरा राहू नये, एवढाच हेतू. कोऱ्या मशीनवर इन्स्टॉल केलं, काढलं, पुन्हा इन्स्टॉल केलं, सगळं सुरळीत. पंधरा दिवसांनी एक किरकोळ बगफिक्स सोडला आणि संध्याकाळी पहिला रिपोर्ट आला: अपग्रेड केलं, सर्व्हिस बंद पडली, डेटा गायब.

झालं असं की आरपीएम अपग्रेड करताना आधी नवं पॅकेज बसवतं, त्याची पोस्ट स्क्रिप्ट चालवतं आणि त्यानंतर जुनं काढतं. जुनं काढून झालं की जुन्याची पोस्टअन चालते. नव्याने मांडलेला संसार जुन्याने जाता जाता मोडला. वास्तविक आरपीएम या स्क्रिप्टांना एक आकडा देतं, या पॅकेजच्या किती प्रती शिल्लक राहणार आहेत ते सांगणारा. पोस्टअनला ० मिळाला तर पॅकेज खरोखर जातंय, १ मिळाला तर अपग्रेड चाललंय. मी तो आकडा बघितलाच नव्हता.

मग मी घाईघाईने पोस्टअन दुरुस्त केली आणि तिसरी आवृत्ती सोडली. पुन्हा तेच रिपोर्ट! कारण तिसऱ्या आवृत्तीवर येताना चालली ती दुसऱ्या आवृत्तीची पोस्टअन, आणि ती लोकांच्या डिस्कवर आधीच जाऊन बसली होती. तिच्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता. अशा वेळी दोनच जागा उरतात. नव्या पॅकेजच्या प्री स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ते बसण्याआधी, डेटा बाजूला सरकवायचा, आणि पोस्टट्रान्समध्ये, म्हणजे जुन्याची पोस्टअन उरकल्यावर, तो परत जागेवर आणायचा. दिसायला ओंगळ, पण चालतं. आता मी डेटा आणि सर्व्हिसचा युजर पॅकेज काढतानासुद्धा काढत नाही. फेडोराचे नियमही युजर काढू नका असंच सांगतात. काढलेल्या युजरचा आकडी आयडी उद्या दुसऱ्या कुणाला मिळाला, तर जुन्या फायलींचा मालक तो होतो.

डेबियनमध्ये क्रम वेगळा, पण फसायची जागा तीच. पोस्टआरएम स्क्रिप्टला (पॅकेज काढल्यावर चालणारी) रिमूव्ह, पर्ज (कॉन्फिगसकट पूर्ण काढणं), अपग्रेड असे वेगवेगळे शब्द मिळतात. डेटा आणि कॉन्फिग उडवायचं असेल तर ते फक्त पर्जच्या फांदीत. जुन्या पॅकेजची प्रीआरएम (काढण्याआधी चालणारी) अपग्रेडच्या वेळी नापास झाली, तर डीपीकेजी, म्हणजे डेबियनचं पॅकेज साधन, नव्या पॅकेजची प्रीआरएम ‘फेल्ड-अपग्रेड’ असं सांगून चालवून बघतं. जुनी चूक सावरायला तेवढी एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. पोस्टइन्स्ट (बसवल्यावर चालणारी) मात्र कितीही वेळा चालली तरी परिणाम तोच राहील अशी लिहा. मध्येच वीज गेली की तीच स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालते, आणि ‘युजर आधीच आहे’ एवढ्या कारणावरून नापास झाली तर पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन लटकतं.

एका पॅकेजमधून फाइल दुसऱ्यात नेताना

मोठ्या पॅकेजमधून डॉक्युमेंटेशन वेगळं काढलं, किंवा एखादी फाइल कॉमन पॅकेजमध्ये नेली. कोऱ्या मशीनवर काहीच कळत नाही. अपग्रेडमध्ये डीपीकेजी ओरडतं की ही फाइल त्या दुसऱ्या पॅकेजचीही आहे, मी तिच्यावर लिहिणार नाही. ज्या पॅकेजात फाइल गेली त्याच्या कंट्रोल फाइलमध्ये ब्रेक्स (त्या पॅकेजच्या जुन्या आवृत्तीसोबत जमत नाही) आणि रिप्लेसेस (तिच्या फायलींवर लिहिलं तरी चालेल) दोन्ही हवेत आणि दोन्हींना आवृत्तीची मर्यादा हवी. मर्यादा लिहिताना शेवटी टिल्डे लावा: बदल २.३-४ मध्ये झाला असेल तर ‘२.३-४~ पेक्षा जुनं’. नाहीतर त्याच आवृत्तीचं बॅकपोर्ट (जुन्या रिलीजसाठी बनवलेलं, २.३-४~ अशी सुरुवात असणारं) जुन्यात मोजलं जातं आणि त्या लोकांचं अपग्रेड विनाकारण अडतं.

डिरेक्टरीच्या जागी सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) आणणं याहून छुपं. डीपीकेजी जुनी डिरेक्टरी तशीच ठेवतं आणि तक्रारही करत नाही. त्यासाठी मेंटस्क्रिप्ट-हेल्परमधला ‘डीआयआर-टू-सिमलिंक’ प्रकार वापरावा लागतो. आरपीएम निदान ट्रान्झॅक्शन पाडून ओरडतं. तिथे इलाज सगळ्यांच्या आधी चालणाऱ्या प्रीट्रान्स स्क्रिप्टमध्ये, तीही आरपीएमच्या पोटातच असलेल्या लुआ भाषेत लिहिलेली, कारण पहिल्या इन्स्टॉलेशनच्या वेळी त्या क्षणी शेलसुद्धा नसेल.

कॉन्फिग फाइलबद्दल एकच सांगतो. डेबियनमध्ये कॉन्फफाइल (युजरने केलेले बदल डीपीकेजी जपतं अशी फाइल) म्हणून दिलेली फाइल पोस्टइन्स्टमधून बदलू नका. पुढच्या अपग्रेडला युजरला ‘तुम्ही ही फाइल बदलली आहे, काय करू?’ असा प्रश्न येतो, आणि त्या बिचाऱ्याने ती उघडलेलीही नसते.

आवृत्तीचा आकडा मागे जात नाही

अपस्ट्रीमने, म्हणजे मूळ प्रोजेक्टने, १.०आरसी१ (१.० च्या आधीची चाचणी आवृत्ती) काढलं, तुम्ही तसंच्या तसं पॅकेज केलं. महिन्याने १.० आलं, अपलोड केलं, आणि कुणाकडेच अपग्रेड होईना. डीपीकेजी आणि आरपीएम दोघांच्याही हिशेबात १.०आरसी१ हे १.० पेक्षा मोठं आहे, कारण त्याला पुढे जादा अक्षरं आहेत. योग्य रूप १.०~आरसी१. टिल्डे हे असं एकच चिन्ह आहे की ते ‘काहीच नाही’ याच्याही आधी लागतं. आर्च लिनक्सच्या पॅकेज साधनात, पॅकमनमध्ये, मात्र १.०आरसी१ हे मुळातच १.० च्या आधी धरतात. त्यामुळे एका डिस्ट्रोची सवय घेऊन दुसरीकडे गेलेला माणूस हमखास इथे आपटतो. शंका आली तर डोक्याने ठरवू नका. डीपीकेजीला कम्पेअर-व्हर्जन्स आहे, आर्चकडे व्हर्सीएमपी आहे, आरपीएमकडे आरपीएमडेव्ह-व्हर्सीएमपी आहे. दोन सेकंदांचं काम.

दुसरा सापळा तारखांचा. प्रोजेक्टने अजून रिलीज काढलेलं नाही म्हणून गिट स्नॅपशॉटला २०२४०३०१ अशी आवृत्ती दिली. उद्या प्रोजेक्ट ०.१ काढणार, आणि ते वीस लाखांच्या... नव्हे, दोन कोटींच्या खाली असणार. सुरुवातीलाच ०~२०२४०३०१ असं लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता.

चूक होऊन गेली की लोक इपॉक वाढवायला धावतात. इपॉक, म्हणजे आवृत्तीच्या आधी लागणारा आणि बाकी सगळ्या आकड्यांवर मात करणारा अंक, हे कायमचं गोंदण. एकदा १: लागला की त्या पॅकेजच्या उरलेल्या आयुष्यात तो काढता येत नाही, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येकाला आपल्या डिपेंडन्सीत तो लिहायची आठवण ठेवावी लागते. शिवाय डेबियनमध्ये इपॉक फाइलच्या नावात येत नाही, त्यामुळे जुन्या आणि नव्या फाइलचं नाव एकच होण्याचा घोळ वेगळा. तात्पुरतं मागे जायचं असेल तर डेबियनकडे ‘+रिअली’ची युक्ती आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा) सापडला, तेव्हा डेबियनने जुना कोड ५.६.१+रिअली५.४.५-१ या नावाने पाठवला. आकडा पुढे गेला, कोड मागे आला. नाव कुरूप दिसतं, पण अपस्ट्रीमची पुढची आवृत्ती आली की आपोआप निघून जातं.

‘माझ्याकडे बिल्ड होतं’

आपल्या रोजच्या मशीनवर बिल्ड करून अपलोड करू नका, हे सगळे सांगतात. का, ते कमी लोक सांगतात. बिल्ड पडलं तर चांगलंच, निदान कळतं. वाईट प्रकार तो, ज्यात बिल्ड यशस्वी होतं. कॉन्फिगर स्क्रिप्ट मशीनवर काय काय आहे ते चाचपून पाहते. माझ्याकडे एक इमेज लायब्ररी आधीपासून होती, म्हणून पीएनजीचा सपोर्ट आपोआप चालू झाला. बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) ती लिहायची राहिली. बिल्ड सर्व्हरवर ती नव्हती, तिथे कॉन्फिगरने ‘नो’ असं छापलं, तो पर्याय गुपचूप बंद केला आणि पुढे सरकली. हिरवी खूण, पॅकेज तयार. लोकांनी पीएनजी उघडायला घेतल्यावर समजलं.

त्यामुळे एसबिल्ड, पीबिल्डर, मॉक, मेकक्रूटपीकेजी, आपल्या डिस्ट्रोत जे असेल त्यात स्वच्छ वातावरणात बिल्ड करा, आणि बिल्ड झालं तरी लॉगवर नजर टाका. जे फीचर हवंच आहे ते कॉन्फिगरला स्पष्ट सांगा, म्हणजे लायब्ररी नसली तर बिल्ड पडेल. आणि जुन्या-नव्या पॅकेजमधला फरक दाखवणारं डेबडिफ किंवा डिफोस्कोप चालवा. ‘डिपेंड्स’च्या यादीतून एखादी लायब्ररी अचानक गळालेली दिसली, तर तिथेच थांबा.

बिल्डच्या मधोमध इंटरनेटवरून काही उतरवून घेणाऱ्या प्रोजेक्टांचा वैताग हल्ली सगळ्यांनाच आहे. डेबियनच्या आणि फेडोराच्या बिल्ड मशीनवर त्या वेळी नेटवर्क नसतं. आपल्या चाचणीच्या चरूटमध्येही (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या बिल्डच्या वातावरणात) ते बंद ठेवा, नाहीतर ही चूक अपलोडनंतरच दिसेल.

स्पेक फाइल (आरपीएम पॅकेज बनवायची कृती) लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: ओळीच्या सुरुवातीला हॅश लावला म्हणून त्या ओळीतला मॅक्रो (% ने सुरू होणारं लघुरूप) झोपत नाही. आरपीएम तो उलगडतंच. मॅक्रो अनेक ओळींचा असेल तर पहिलीच ओळ कॉमेंट होते, बाकीच्या चालतात. चेंजलॉगमध्येही तेच. टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहा.

लायब्ररी आली की हात सावकाश चालवा

सोनेम, म्हणजे लायब्ररीच्या इंटरफेसचा क्रमांक, ३ चा ४ झाला की पॅकेजचं नावही बदलायचं असतं, म्हणजे जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी नांदू शकतात आणि बाकीची पॅकेजेस एकेक करून रीबिल्ड होतात. डेबियनमध्ये हे ट्रान्झिशन रिलीज टीमला विचारून करतात. आर्चमध्ये अवलंबून असलेल्यांचा पीकेजीरेल (पॅकेजच्या बिल्डचा क्रमांक) वाढवून सगळं आधी स्टेजिंगमध्ये जमवतात आणि मग एकदम पुढे ढकलतात. ही रीत लोक पाळतात. फसवतं ते उलटं प्रकरण: अपस्ट्रीमने फंक्शन काढून टाकलं आणि सोनेम तोच ठेवला. डेबियनची सिम्बॉल्स फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची यादी) ठेवली असेल तर बिल्डच नापास होतं. अशा वेळी ती फाइल ‘दुरुस्त’ करून बिल्ड हिरवं करणं म्हणजे धुराचा अलार्म वाजला म्हणून त्याचा सेल काढणं. आणि फंक्शन तेच राहून आतल्या स्ट्रक्चरचा आकार बदलला, तर सिम्बॉल्स फाइललाही पत्ता लागत नाही. तिथे एबीआयडिफ (दोन लायब्ररींच्या बायनरी इंटरफेसमधला फरक दाखवणारं साधन) चालवावं लागतं. २०२४ मध्ये ३२ बिटवर वेळेचा प्रकार ६४ बिटचा करताना, म्हणजे २०३८ ची अडचण टाळताना, अपस्ट्रीमचा सोनेम तोच असूनही डेबियनने शेकडो लायब्ररी पॅकेजेसच्या नावांना टी६४ हे शेपूट जोडलं, ते याचसाठी.

पॅच आणि टारबॉल

पॅचबद्दल बोलायचं तर २००८ ला टाळून पुढे जाता येत नाही. व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाची कटकट थांबावी म्हणून २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या दोन ओळी कॉमेंट केल्या गेल्या. त्यातल्या एका ओळीतून रँडम जनरेटरला त्याचं बी मिळत होतं. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झालं तेव्हा असंख्य एसएसएच किल्ल्या फेकून द्याव्या लागल्या. अपस्ट्रीमकडे विचारणा झालेली होती, हे विशेष. म्हणून माझा नियम असा: ‘या ओळी काढल्या तर चालेल का’ असं मोघम विचारायचं नाही. पूर्ण पॅच पाठवायचा, आणि तो लाखो लोकांच्या मशीनवर जाणार आहे हेही लिहायचं. पॅचच्या डोक्यावर कारण, मूळ आणि अपस्ट्रीमला पाठवला की नाही, हे असलंच पाहिजे. दोन वर्षांनी तो पॅच कशासाठी होता हे तुम्हाला स्वतःलाही आठवत नाही, अनुभवाने सांगतो.

एक्सझेडच्या प्रकरणात टारबॉलची (अपस्ट्रीम देतं त्या सोर्सच्या गाठोड्याची) सही बरोबर होती. सही करणाराच गडबड करणारा होता. बॅकडोअर सुरू करणारी एमफोर फाइल (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवताना लागणारी) गिटमध्ये नव्हती, रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. आणि तिने चालवलेली लपवलेली स्क्रिप्ट डेब किंवा आरपीएमचं बिल्ड चालू आहे का हे पाहूनच हातपाय हलवत होती. तेव्हा सही तपासा, पण टारबॉल आणि गिटचा टॅग यांतला फरकही एकदा काढून बघा. जनरेट झालेल्या फायलींमुळे फरक निघतोच, कंटाळवाणं काम आहे. शक्य तिथे मी आता टॅगवरूनच सोर्स घेतो आणि कॉन्फिगर स्वतः पुन्हा बनवतो.

अपलोड केलं, पण टेस्टिंगमध्ये जाईना

डेबियनमध्ये अपलोड आधी अनस्टेबलमध्ये जातं आणि तिथून टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या रिलीजच्या तयारीत. चेंजलॉगमधली अर्जन्सी मीडियम असेल तर साधारण ५ दिवस थांबायचं असतं, लो असेल तर १०, हाय असेल तर २. रिलीजच्या आधीच्या फ्रीझमध्ये हिशेब वेगळा. त्यापलीकडे अडकलं की तर्क लढवण्याआधी त्या पॅकेजची एक्स्क्यूजेस (पुढे का गेलं नाही ते सांगणारी नोंद) वाचा, तिथे कारण सरळ लिहिलेलं असतं. नेहमीचे आरोपी असे: एखाद्या आर्किटेक्चरवर बिल्ड पडलेलं आहे, तुमच्या लायब्ररीमुळे दुसऱ्या कुणाची ऑटोपीकेजीटेस्ट (पॅकेजची आपोआप चालणारी चाचणी) नापास झाली आहे, किंवा रिलीज-क्रिटिकल बग उघडा आहे. आणि नवशिक्यांना हमखास चकवणारं चौथं: तुम्ही स्वतःच्या मशीनवर बिल्ड केलेली बायनरी सोबत पाठवली आहे. तशी पॅकेजेस टेस्टिंगमध्ये जात नाहीत. न्यू रांगेतून (पहिल्यांदाच येणाऱ्या पॅकेजांच्या तपासणीच्या रांगेतून) जाताना बायनरी द्यावीच लागते. त्यामुळे पॅकेज न्यूमधून पार झालं की चेंजलॉगमध्ये एक ओळ वाढवून फक्त सोर्सचं आणखी एक अपलोड करायचं असतं. ते राहून जातं आणि माणूस तीन आठवडे वाट बघत बसतो.

चेंजलॉगचं निघालं म्हणून सांगतो: ‘क्लोजेस’पुढचा बग नंबर कॉपी-पेस्ट करा, हाताने लिहू नका. मी एकदा दोन अंक उलटे लिहिले आणि एका अनोळखी मेंटेनरचा फाँटविषयीचा बग बंद करून टाकला. पुन्हा उघडून माफी मागितली. त्याचं उत्तर आलं, बग दुरुस्त झालाय समजून तो आधीच खूश झाला होता.