रेसिडेंट डॉक्टरांना डायबेटिस टीममध्ये काम करायला शिकवताय? मग या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक म्हणजे केस पेपरवर 'डाएट ॲडव्हाइस' लिहिलं की टीमवर्क झालं असं समजणं. चिठ्ठी डाएटिशियनकडे जाते, पेशंट जातो, परत येतो, तिकडे काय बोलणं झालं ते रेसिडेंट बघतही नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही.

शुगर उतरत नाही म्हटल्यावर थेट डोस वाढवणं ही दुसरी, आणि ही मी स्वतः केलीये. एक काका यायचे, सकाळी २० युनिट इन्सुलिन, शुगर काही तीनशेच्या खाली येईना. आमच्या जेआरने (ज्युनियर रेसिडेंटने) २० चे २४ केले, मग ३०, आणि मी सह्या करत गेलो. शेवटी इंजेक्शन रूमच्या सिस्टरने काकांना सांगितलं की तुम्ही घरी घेता तसं घेऊन दाखवा बरं, तर वायल ४० ची (एका एमएलमध्ये ४० युनिट) आणि सिरिंज केशरी टोपणाची, म्हणजे १०० च्या वायलसाठीची! पेपरवर ३०, पोटात जात होते १२. आता खरी गंमत पुढे आहे, नुसती लाल टोपणाची, म्हणजे ४० ची सिरिंज हातात देऊन घरी पाठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी खरेच ३० गेले असते आणि शुगर एकदम उतरून काका कॅज्युअल्टीत आले असते. सिस्टर पेपर घेऊन वर आल्या, "सर, डोस कमी करायचा ना?" म्हणाल्या, म्हणून वाचलो.

तेव्हापासून आमचा नियम, डोस वाढवायच्या आधी सिरिंज, टोचायची जागा (एकाच जागी टोचून गाठी झाल्या असतील तर इन्सुलिन नीट शोषलं जात नाही), घरी फ्रीज आहे का माठाजवळ ठेवतात, हे सगळं सिस्टरसोबत बसून बघायचं. आणि जेआर-१ ने (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने) एकदा तरी सलाइन भरून स्वतःच्या पोटात टोचून घ्यायचं, लय फरक पडतो.

डाएटिशियनला फक्त 'भात बंद, साखर बंद' सांगायला वापरू नका. कोण एकादशी धरतं, नवरात्रात कोण नऊ दिवस साबुदाण्यावर असतं, हे त्यांना माहीत असतं आणि ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) लिहिणाऱ्याला नसतं, मग दुपारी चक्कर येऊन पेशंट पडतो.

पायाची तपासणी कोणाचीच नसते, त्यामुळे होतच नाही. नावानिशी वाटून द्या. मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) एकाने लावायचं, चप्पल दुसऱ्याने बघायची, बस.

लॅबशी बोलायला लाजू नका. ग्लुकोमीटरवर २५० आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ५.८, म्हणजे जवळपास नॉर्मल असेल तर खूश होऊ नका, विदर्भातला पेशंट असेल तर सिकलसेलचा विचार आधी करा, रक्ताचा आजार असला की हा आकडा फसवतो.

अजून एक, मूल्यमापन फक्त सरांनी करायचं ही पद्धत. लॉगबुकमध्ये सिस्टर आणि डाएटिशियनची पण सही ठेवा, सुरुवातीला पोरं तोंड वाकडं करतात, करू द्या. तसंही रेसिडेंटचं पोस्टिंग बदलतं, सिस्टर तिथेच असतात, त्यामुळे नवीन बॅचला ओपीडीतल्या जुन्या पेशंटचा हँडओव्हर आता आमच्याकडे सिस्टरच देतात.