रिव्हर्स नसलेल्या मशीनवर टीप पक्की करायची तर

मालवणच्या बाजारात एकीच्या पिशवीचा बंद सुटला आणि बांगडे रस्त्यावर. पिशवी मी शिवलेली. दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "तुझी टीप चार बांगड्यांका टिकली नाय गो!" बघितलं तर मधली टीप शाबूत, उसवली होती टोकाकडून.

मशीनच्या टाक्यात गाठ नसतेच. वरचा दोरा आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एवढंच. शेवटचा टाका निसटला की त्यामागचाही सैल होतो. त्यात पॉलिएस्टरचा दोरा गुळगुळीत.

रिव्हर्सवाल्या मशीनचं सोपं आहे: तीन-चार टाके पुढे, तेवढेच मागे, मग पुढे चला. माझं मशीन आईचं, पायाचं. त्याला रिव्हर्स नाही, म्हणून मी कापडच फिरवते.

काठापासून बोटभर आत सुई टोचा. दोन्ही दोऱ्यांची शेपटं मागे धरून ठेवा, नाहीतर खाली गुंता होतो. काठाच्या दिशेने चार-पाच टाके घाला, पण काठाबाहेर जाऊ नका. आता चाक हाताने आपल्याकडे फिरवून सुई कापडात रुतवा. दाबपट्टी उचला, कापड गर्रकन फिरवा, दाबपट्टी खाली टाका आणि त्याच टाक्यांवरून पुढे निघा. सुई वर राहिली तर कापड सरकतं आणि टीप वाकडी जाते. शेवटीही तसंच: काठापर्यंत या, फिरवा, चार टाके परत. एकाच जागी दहादा टीप मारू नका. सुईच्या भोकांनी कापडाची चाळण होते.

मलमल, व्हॉइल असलं पातळ कापड अगदी काठावरून सुरू केलं तर मशीनचे दात ते भोकात ओढतात. तिथे आत सुरू करायची ही पद्धत फारच बरी.

ब्लाऊजच्या टक्सला, म्हणजे फिटिंगसाठी घातलेल्या टोकदार चिमटीला, मात्र उलटी टीप नको, टोकाला गोळा येतो. चार बोटं दोरा सोडून कापा आणि दोन्ही दोऱ्यांची हाताने दुहेरी गाठ मारा.

कापड काढताना सुई आणि दोरा ओढणारी दांडी अगदी वर आलेली असू द्या, म्हणजे पुढच्या टिपेला दोरा सुईतून निसटत नाही.

पिशवीच्या बंदाला नुसती आडवी टीप पुरत नाही. चौकोन मारा, आत फुली घाला. त्या बाईच्या पिशवीचे दोन्ही बंद मी तसेच शिवून दिले, पैसे न घेता.